फाळणीच्या कथा वाचायच्या आहेत? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फाळणीवरच्या लघुकथा वाचायला घेतो असं कुणी म्हणालं की ठरलेले प्रश्न येतात. कुठून सुरू करू, फार रक्तपात आहे का, आपला मराठी माणसांचा त्यात काय संबंध, वगैरे. ते सगळे इथे एकत्र लिहून काढलेत. १९४७ बद्दलच बोललोय, कारण मला त्यातलंच नीट माहितीये, आणि शक्यतो कुठल्याही कथेचा शेवट फोडलेला नाही, जिथे थोडं सांगितल्याशिवाय बोलताच येत नव्हतं तिथे सांगितलंय.

फाळणीची कथा म्हणजे दंगलीची कथाच ना?

दंगल त्यात असते पण तेवढंच नसतं. दंगल झाली की चार-आठ दिवसांनी कर्फ्यू उठतो, दुकानं उघडतात, माणूस जळलेल्या का होईना पण आपल्याच गल्लीत परत येतो. फाळणीत गल्लीच दुसऱ्या देशात गेली. १९४८ पासून तिकडे जायला परमिट लागायला लागलं आणि १९५२ पासून पासपोर्ट, म्हणजे लहानपणी जिथे पतंग उडवले त्या गच्चीवर जायला सरकारी शिक्का हवा. म्हणून यातल्या ज्या कथा खरंच मोठ्या आहेत त्या बहुतेक वेळा मारामारी संपल्यावर सुरू होतात. कोण मेलं यापेक्षा जो उरला त्याचं पुढे काय झालं, त्याला घरात घेतलं का, तो कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकला का, हे त्या विचारतात. मला या कथा महत्त्वाच्या वाटतात त्या एवढ्याचसाठी.

इतिहासाची पुस्तकं आहेत, आकडे आहेत. मग कथा कशाला?

आकडे घ्या. साधारण सव्वा ते दीड कोटी माणसं घर सोडून निघाली. मेले किती याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात, दहा लाख हा आकडा जास्त वेळा वापरला जातो. आता दोन लाख आणि वीस लाख यात अठरा लाख माणसांचा फरक आहे, म्हणजे अठरा लाख माणसं होती की नव्हती हेच आपल्याला ठामपणे सांगता येत नाही. इतक्या माणसांची कुणी नोंदसुद्धा केली नाही, तिथे त्यांच्या मनाची कोण करणार. हद्द आखायला नेमलेले इंग्रज वकील सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला भारतात आले, याआधी ते इथे कधीच आले नव्हते, आणि पाचेक आठवड्यांत पंजाब आणि बंगालवर रेघ मारून मोकळे झाले. हे इतिहासात वाचता येतं. पण त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेका घरात काय झालं ते कथेतच सापडतं.

उर्दू लेखक सआदत हसन मंटोची ‘सहाय’ नावाची कथा आहे, तिच्या सुरुवातीलाच एक पात्र म्हणतं की एक लाख हिंदू आणि एक लाख मुसलमान मेले असं म्हणू नका, दोन लाख माणसं मेली असं म्हणा. सगळी कथा मुंबईत घडते, पण त्याबद्दल खाली.

मी पहिली कथा कुठली वाचू?

मोहन राकेश यांची ‘मलबे का मालिक’. हिंदीत आहे, छोटी आहे, आणि एका बैठकीत होते.

फाळणीनंतर साडेसात वर्षांनी लाहोरहून काही मुसलमान अमृतसरला हॉकीची मॅच बघायला येतात. मॅच हे निमित्त, खरं तर सगळ्यांना आपापली जुनी गल्ली बघायची असते. त्यात गनी नावाचा म्हातारा आहे. तो आधीच पाकिस्तानात गेला होता, मुलगा चिराग, सून आणि दोन नाती मागे अमृतसरलाच राहिल्या होत्या, त्या मारल्या गेल्या एवढंच त्याला माहिती. कुणी मारलं ते माहिती नाही. घराच्या जागी आता मातीचा ढिगारा आहे आणि त्या ढिगाऱ्यात दाराची एक जळकी चौकट तेवढी उभी आहे. म्हातारा त्या चौकटीला धरून रडतो. आणि मग गल्लीतला रक्खा पहिलवान समोर येतो, ज्याने चिरागला खाली बोलावून मारलं होतं. गनीला यातलं काही ठाऊक नाही, तो त्याला मिठीच मारायला जातो, म्हणतो की चिरागचा तुझ्यावर केवढा भरवसा होता, रक्खा असताना आपल्याला काय होणार असं म्हणायचा. वरच्या खिडक्यांतून अख्खी गल्ली बघतेय, प्रत्येकाला वाटतंय की आता काहीतरी फुटणार, आणि पहिलवानाच्या घशाला कोरड पडलीये.

त्या पानावर मी दर वेळी थांबतो. राकेश तिथे एकही शिवी देत नाही, रक्खाला राक्षस करत नाही, त्याला फक्त घाम फोडतो. खुनी माणसाला त्याने मारलेल्याच्या बापाने प्रेमाने जवळ घेतलं तर त्या खुन्याचं काय होईल, हा प्रश्न कुठल्याही चौकशी अहवालात येणार नाही. बाकी तुम्ही वाचा.

‘लाजवंती’ इतकी का नावाजली जाते?

राजिंदरसिंग बेदी यांची ही उर्दू कथा. सुंदरलालची बायको लाजो फाळणीत पळवली गेलीये. तो मोहल्ल्यात एका कमिटीचा सेक्रेटरी आहे, परत आणलेल्या बायकांना घरात घ्या, मनात जागा द्या, असा त्यांचा प्रचार, सकाळी प्रभातफेरी काढतात, लाजाळूचं झाड हात लावला की कोमेजतं असं गाणं म्हणत. देवळात रामायण सांगणाऱ्या बाबाशी सुंदरलाल सीतेवरून वाद घालतो. म्हणजे माणूस चांगला, प्रामाणिक. आणि एक दिवस लाजो खरंच परत येते.

आता इथे साधा लेखक असता तर दोन रस्ते होते, नवऱ्याने तिला हाकलून दिलं किंवा जवळ घेतलं. बेदी तिसरंच करतात. सुंदरलाल तिला घरात घेतो, तिला ‘देवी’ म्हणायला लागतो, आणि तिला काय काय सोसावं लागलं ते ऐकायचंच टाळतो. पूर्वी तो तिला मारायचा, आता बोटसुद्धा लावत नाही. तिकडच्या माणसाने मारलं नाही तरी मला त्याची भीती वाटायची, तुम्ही मारायचात तरी तुमची वाटायची नाही, असं काहीसं ती सांगते आणि पुढचं सांगायला तोंड उघडते, तर हा म्हणतो जाऊ दे, झालं गेलं. तिला परत ती जुनी लाजो व्हायचंय, गाजरावरून भांडून मुळ्यावर समेट करणारी, आणि ते आता होणार नाही.

बाईला घरात घेणं आणि तिचं ऐकून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या कमी पानांत मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. ही झाली की लगेच जमीला हाश्मी यांची ‘बनबास’ वाचा. त्यात पळवलेली मुसलमान मुलगी पंजाबातल्या एका शीख घरात आहे, तिला आता मुलगी आहे, तिला न्यायला आलेत, आणि ती जात नाही. सीतेचा वनवास तिथेही आहे, पण तो एक मुसलमान बाई स्वतःच्या तोंडून सांगतेय. दोन्ही कथा पाठोपाठ वाचल्या की परत येणं आणि न येणं यातलं बरं कुठलं हे ठरवायची हिंमत होत नाही.

हे सगळं खरं घडलं होतं का, की लेखकांनी रचलं?

कथा रचलेल्या, पण पाया खरा. बायकांचंच घ्या. ६ डिसेंबर १९४७ ला दोन्ही देशांत करार झाला की पळवलेल्या बायका शोधून परत करायच्या, १९४९ मध्ये आपल्याकडे त्याचा कायदा झाला. मृदुला साराभाई या कामाच्या प्रमुख होत्या. सरकारी अंदाज होता की भारतात ५०,००० मुसलमान बायका आणि पाकिस्तानात ३३,००० हिंदू आणि शीख बायका अडकल्यात. सगळ्या मिळून साधारण ३०,००० परत आणल्या गेल्या. आता कायद्यातली मेख बघा. १ मार्च १९४७ नंतर घरच्यांपासून तुटलेली आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाकडे राहणारी मुसलमान बाई, मग ती कुठल्याही वयाची असो, पळवलेलीच धरायची. तिला जायचंय का हे विचारायची तरतूदच नव्हती. संविधान सभेत त्यावर आक्षेप घेतले गेले तरी कायदा झाला. कित्येक बायका तोपर्यंत आया झाल्या होत्या, आणि त्या पोरांचं काय करायचं यावर वेगळा वाद. ‘लाजवंती’ आणि ‘बनबास’ या दोन्ही कथा त्या कायद्याच्या बरोब्बर मध्ये उभ्या आहेत.

आणि मंटोची ‘टोबा टेकसिंग’, वेड्यांच्या अदलाबदलीची, ती ऐकून लोकांना हमखास वाटतं की हे तरी नक्कीच कल्पनेतलं. नाही. १९५० मध्ये लाहोरच्या मनोरुग्णालयातले शेकडो हिंदू आणि शीख पेशंट खरंच भारतात पाठवले गेले आणि इकडचे मुसलमान पेशंट तिकडे गेले. त्यासाठीही आधी सरकारी पातळीवर बोलणी झाली, याद्या झाल्या.

मंटो मंटो सगळेच करतात. तो एवढा मोठा आहे का? आणि अश्लील का म्हणतात?

आहे मोठा. सहा वेळा त्याच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, तीन इंग्रजांच्या काळात आणि तीन पाकिस्तानात. ‘खोल दो’ छापल्यावर त्या मासिकावरच सहा महिने बंदी आली. ‘ठंडा गोश्त’ च्या खटल्यात खालच्या कोर्टात तीन महिने सक्तमजुरी आणि ३०० रुपये दंड, मग अपिलात सुटका, मग हायकोर्टात पुन्हा दंड. त्या दोन्ही कथांमध्ये चाळवण्यासारखं काही नाही, असलंच तर पोटात गोळा आणणारं आहे, आणि मला कायम असं वाटतं की त्यांच्यावर राग आला तो कपडे उतरवल्याचा नव्हता, आपली पोरंसुद्धा हे करू शकतात असं त्याने लिहिलं याचा होता. ‘खोल दो’ मध्ये एका बापाची हरवलेली मुलगी शोधायला निघालेले ते आठ स्वयंसेवक आठवा.

पण मंटो सुरू करायचा तर मी ‘सियाह हाशिये’ सांगीन, १९४८ मध्ये आलेलं. अगदी छोट्या छोट्या कथा, काही तर दोन-तीन ओळींच्या. त्यातली ‘करामात’ बघा. लुटीचा माल शोधायला पोलिसांनी छापे घातलेत, लोक घाबरून रात्रीत माल फेकून देतायत. एकाने साखरेची दोन पोती लुटलेली असतात, तो ती विहिरीत टाकायला जातो, एक टाकतो, दुसऱ्याबरोबर स्वतःच आत पडतो. लोक त्याला वर काढतात पण काही तासांनी तो मरतो. दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी प्यायला काढतात तर गोड लागतं, आणि त्याच रात्री त्या माणसाच्या कबरीवर दिवे लागतात. संपली कथा. लूट, भीती, मरण आणि श्रद्धा सगळं पंधरा-वीस ओळींत, आणि मंटो स्वतः एक शब्द बोलत नाही.

मंटो १८ जानेवारी १९५५ ला लाहोरात वारला, ४२ व्या वर्षी. ‘टोबा टेकसिंग’ पुस्तकात आली ती त्याच वर्षी.

या मूळ भाषेत वाचू की मराठी अनुवादात?

मराठी अनुवाद बरेच आहेत आणि त्यातले काही चांगले आहेत. पण हिंदी कथा तरी मूळच वाचा, आपल्याला हिंदी वाचता येतंच, थोडा वेळ लागेल एवढंच. उर्दूचंही तेच, मंटो, बेदी, इस्मत चुगताई हे सगळे देवनागरी लिपीत छापलेले सहज मिळतात, भाषा तीच, फक्त लिपी आपली. अवघड शब्दांचे अर्थ बहुतेक वेळा तळाला दिलेले असतात. पंजाबी म्हातारीच्या तोंडचं बोलणं प्रमाण मराठीत आलं की तिची धार जाते, हा माझा अनुभव. बंगाली आणि सिंधी मात्र अनुवादातच वाचावं लागणार.

सगळं पंजाबचंच का? बंगालचं काय?

पंजाबात जे झालं ते काही महिन्यांत आणि भयानक वेगाने झालं, आणि तिथले लेखकही भरपूर. बंगालात ते वर्षानुवर्षं झिरपत राहिलं, लोक १९४७ ला आले, १९५० ला आले, १९६४ ला आले, १९७१ ला आले. त्यामुळे बंगाली कथेत ट्रेनभर प्रेतं कमी आणि कोलकात्याच्या सियालदा स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर मांडलेला संसार जास्त.

बंगालीतली समरेश बसू यांची ‘आदाब’ चुकवू नका. खरं तर ती फाळणीच्या आधीची, १९४६ च्या दंगलीतली. रात्र, कर्फ्यू, दोन अनोळखी माणसं एका कचऱ्याच्या डब्याआड लपलेली, एक गिरणीचा मजूर आणि एक नावाडी. दोघांनाही हाच घोर की समोरचा हिंदू आहे का मुसलमान, आणि विचारायचं कसं, आणि विचारलं तर आधी सांगायचं कुणी. मग विडी पेटवायला सादळलेली काडी ओढता ओढता ती एकदाची पेटते आणि नावाड्याच्या तोंडून सवयीने ‘सुभानअल्ला’ निघून जातं. त्या एका शब्दाने दोघं जागच्या जागी गोठतात. कथेत त्यांना खरा धोका एकमेकांकडून नाहीच, तो कुठून येतो ते शेवटाला कळतं.

सिंधचं तर अजून वेगळं. सिंध प्रांताचे दोन तुकडे झालेच नाहीत, तो अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला, म्हणजे सिंधी हिंदूंना इकडे स्वतःचं असं एक राज्य, एक जिल्हा मिळाला नाही. पंजाबी निर्वासिताला निदान पूर्व पंजाबात पंजाबी ऐकू यायची. सिंधी माणूस आला तो मुंबईच्या बंदरावर.

यात महाराष्ट्राचा काय संबंध? आपल्याकडे तर काही झालं नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि दर वेळी मी लांबलचक उत्तर देतो.

आधी उल्हासनगर. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा तळ होता, बराकी होत्या. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदू मोठ्या संख्येने निघाले, त्यातले साधारण एक लाख लोक या बराकींत आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि नाव पडलं उल्हासनगर. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच असंच सांगतो. आपण लोकलमधून रोज ते स्टेशन ओलांडतो, तिथून जीन्स आणतो, फर्निचर आणतो, पण ते एक अख्खं निर्वासितांचं शहर आहे हे डोक्यात येत नाही. पुण्याजवळ पिंपरीलाही कॅम्प झाला. पोपटी हिरानंदानी, सुंदरी उत्तमचंदानी, मोहन कल्पना ही सिंधी कथेतली त्या पिढीची मोठी नावं, आणि ही मंडळी आपल्याच आजूबाजूला राहून लिहीत होती. भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायला मात्र १९६७ साल उजाडलं.

दुसरं, फाळणीच्या कथेचा मोठा भाग लिहिणारे मुंबईत राहायचे. बेदी, इस्मत चुगताई, कृष्ण चंदर, ख्वाजा अहमद अब्बास. मंटो भायखळ्याला क्लेअर रोडवर राहायचा, फिल्म कंपन्यांत नोकरी करायचा, आणि जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेला. वर सांगितलेली ‘सहाय’ त्या जाण्यावरच आहे. मुमताज मुंबई सोडून बोटीने निघालाय, आणि का, तर त्याचा जिगरी दोस्त जुगल, ज्याचा काका लाहोरात मारला गेलाय, एकदा बोलून गेला की इथे दंगल झाली तर कदाचित मी तुलाही मारीन. बस, एवढंच वाक्य. ते वाक्य मागे घेता येत नाही. मित्र त्याला पोचवायला बंदरावर आलेत, हसतायत, पितायत, आणि सगळ्यांना माहितीये की हा परत येणार नाही. मुंबईच्या माणसाने ही कथा वाचलीच पाहिजे.

तिसरं भिवंडी. मे १९७० मध्ये तिथे दंगल झाली, त्यानंतर भीष्म साहनी आपल्या भावाबरोबर, बलराज साहनींबरोबर, तिथे गेले होते. जळलेली गल्ली आणि मोडके माग बघितल्यावर त्यांना १९४७ च्या मार्चमधलं रावळपिंडी आठवलं, ते तिथलेच, आणि त्यातून पुढे ‘तमस’ लिहिली गेली. म्हणजे रावळपिंडीची गोष्ट तेवीस वर्षांनी बाहेर पडली ती ठाणे जिल्ह्यातून. ‘तमस’ कादंबरी आहे, इथे कथांबद्दल चाललंय, तर त्यांची ‘अमृतसर आ गया है’ वाचा. ट्रेनचा डबा, पठाण एका दुबळ्या बाबूची थट्टा करतायत, तो गप्प ऐकतोय. अमृतसर यायच्या आधीचा तो बाबू आणि नंतरचा तो बाबू, एवढीच कथा आहे.

आणि दोन गोष्टी पटकन. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराचीत मराठी माणसं होती, तिथली जुनी एन.जे.व्ही. हायस्कूल ही शाळा नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची आहे. त्या मराठी घरांपैकीही बरीच १९४७ नंतर उठून इकडे आली. आणि गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, तिथल्या बाजारात बंगाली ऐकू येते.

मग मराठीत फाळणीच्या कथा इतक्या कमी का?

माझं मत सांगतो. रेघ आपल्या शेतातून गेली नाही. १९४५ नंतरची पंधरा वर्षं म्हणजे आपल्या नवकथेचा बहराचा काळ, गाडगीळ, गोखले, माडगूळकर सगळे जोरात लिहीत होते, पण त्यांच्यासमोर मुंबईची चाळ होती, माणदेशातली माणसं होती, बदलणारं मध्यमवर्गीय घर होतं. निर्वासित आपल्याला दिसला तो कापडाचा दुकानदार म्हणून, घासाघीस न करता स्वस्त विकणारा म्हणून, आणि त्याला आपण जी नावं ठेवली ती काही आठवून अभिमान वाटावा अशी नाहीत. त्याच्या घरात काय गमावलं गेलंय हे बघायला आपण आत गेलो नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कल्याण-अंबरनाथला शेजारी शेजारी वाढलेल्या मराठी आणि सिंधी पोरांची कथा कुणीतरी मराठीत लिहायला हवी होती, अजूनही हवी आहे.

लेखक कुठल्या बाजूचा आहे हे बघून वाचावं का?

बघा, पण कथा बघून ठरवा. त्या काळात एक पद्धत होती की इकडचे दहा मेलेले दाखवले की तिकडचेही दहा दाखवायचे, म्हणजे कुणी नाव ठेवायला नको. कृष्ण चंदर यांची ‘पेशावर एक्सप्रेस’ यात एक ट्रेनच गोष्ट सांगते आणि दोन्हीकडची कत्तल मोजून दाखवते. हेतू शंभर टक्के चांगला, वाचताना अंगावरही येते, पण मला ती हिशेबाच्या वहीसारखी वाटते, जमा आणि खर्च बरोबर जुळवलेला. ‘मलबे का मालिक’ मध्ये मारणारा हिंदू आहे, मेलेला मुसलमान आहे, लिहिणारा हिंदू आहे, आणि त्याला बॅलन्स करायला दुसऱ्या बाजूचा खून आणावा लागलेला नाही. ‘खोल दो’ मध्ये मंटोने आपल्याच बाजूच्या पोरांवर बोट ठेवलं. माझी कसोटी तीच आहे, लेखक स्वतःच्या माणसांबद्दल काय लिहितो.

शाळेतल्या मुलांना कुठल्या द्याव्यात?

आठवी-नववीपासून तीन कथा बिनधास्त द्या. कृष्णा सोबती यांची ‘सिक्का बदल गया’, १९४८ ची. शाहनी नावाची म्हातारी पहाटे चिनाब नदीवर अंघोळ करून घरी येते, आणि त्याच दिवशी तिला आपलं गाव, शेतं, हवेली सगळं सोडून ट्रकमध्ये बसायचंय. ज्या शेराला तिने लहानाचा मोठा केला त्याच्या मनात तिला मारायचं येऊन गेलंय आणि तिला ते समजलंय. थानेदार म्हणतो काहीतरी बरोबर घ्या, ती काही घेत नाही. हिंसा एकही नाही पण मुलं गप्प होतात. दुसरी इस्मत चुगताईंची ‘जडें’, मारवाडमधलं मुसलमान कुटुंब निघतं आणि अम्मा घरातच बसून राहते, शेजारचे हिंदू डॉक्टर रूपचंदजी पुढे काय करतात ते मुलांना वाचू दे. तिसरी वरची ‘आदाब’.

‘खोल दो’, ‘ठंडा गोश्त’ कॉलेजच्या आधी नको. मुलं घाबरतील म्हणून नाही म्हणत, त्यातला बाप आणि त्यातली बाई समजायला थोडं वय लागतं म्हणून.

वाचून फार त्रास होतो. काय करावं?

सलग वाचू नका. एक कथा, मग दोन दिवस काही नाही. रात्री तर नकोच. घरात फाळणीचं कुणी असेल किंवा स्वतः दंगल बघितली असेल तर ‘जडें’ आधी वाचा आणि ट्रेनच्या कथा बाजूला ठेवा. न वाचल्या तरी चालतात, जबरदस्ती नाही.

आमच्या ओळखीत तिकडून आलेले आजी-आजोबा आहेत. त्यांना कसं विचारू?

लवकर विचारा. १९४७ ला दहा वर्षांचं मूल आज नव्वदीकडे आलंय. पण गेल्या गेल्या ‘तुम्ही काय काय बघितलं’ असं विचारू नका. घराला दारं किती होती, शाळेत कोण शेजारी बसायचं, सणाला काय व्हायचं, निघताना स्वयंपाकघरात काय तसंच राहिलं, हे विचारा. बाकीचं त्यांना सांगायचं असेल तर ते आपणहून येतं, आणि नसेल सांगायचं तर सुंदरलालच्या उलट वागा, म्हणजे घाई करून विषय बदलू नका आणि खणूही नका, बसून राहा. रेकॉर्डिंग परवानगी घेऊनच. अमृतसरला टाऊन हॉलमध्ये २०१७ पासून पार्टिशन म्युझियम आहे, तिथे लोकांनी दिलेल्या साध्या साध्या वस्तू ठेवल्यात, जमलं तर त्यांना घेऊन जा, पण आधी विचारून.

मला स्वतः अशी कथा लिहायची आहे. काही सांगाल?

तारखा नीट बघा. सगळ्यात जास्त गडबड इथे होते. १५ ऑगस्टला सीमेवरच्या लोकांना आपण कुठल्या देशात आहोत हे अधिकृतपणे माहितीच नव्हतं, रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला १७ तारखेला. मुर्शिदाबादमध्ये तोवर पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि खुलन्यात भारताचा, नंतर दोन्ही उतरवावे लागले. अशा गावातल्या झेंडा शिवणाऱ्या शिंप्याची कथा मला वाचायला आवडेल. तसंच पंजाबातली ट्रेन उचलून सिंधमध्ये टाकू नका, सिंधी माणूस बराचसा बोटीनेही आला आणि त्याचं दुःख वेगळ्या जातीचं आहे.

आणि कृपा करून शेवटी दोन धर्मांच्या म्हाताऱ्यांना गळ्यात गळे घालायला लावू नका. वरची गनीची मिठी एकदा वाचलीत तर का ते कळेल.

पाच-सहा जण मिळून वाचणार आहोत. क्रम सुचवाल?

‘सिक्का बदल गया’, ‘मलबे का मालिक’, ‘आदाब’, ‘सहाय’, मग ‘लाजवंती’ आणि ‘बनबास’ एकाच बैठकीत, आणि शेवटी ‘टोबा टेकसिंग’. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, फोन लांब. ‘लाजवंती’ च्या दिवशी बायका आणि पुरुष दोघंही असू देत, त्यांना त्या कथेत वेगवेगळं दिसतं आणि चर्चा दोन तास सहज जाते. उल्हासनगर, पिंपरी भागातल्या कुणाला बोलावता आलं तर उत्तमच, पण पाहुणा म्हणून व्यासपीठावर नको, सगळ्यांबरोबर गोलात बसायला बोलवा.